स्लोव्हेन वर्णमाला आणि ‘अक्षरांचा वाद’ : उच्चारानुसारी लेखनतत्त्वाचे एक परीक्षण

स्लोव्हेन भाषेच्या वर्णमालेत २५ अक्षरे आहेत. रोमन लिपीतील क्यू, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही अक्षरे तीत नाहीत. परकीय विशेषनामांपुरताच त्यांचा उपयोग होतो. उलट, सी, एस आणि झेड या तीन अक्षरांवर एक लहान कोनाकार खूण देऊन तीन नवी अक्षरे सिद्ध केलेली आहेत. या खुणेला स्लोव्हेनमध्ये ‘स्ट्रेशित्सा’, म्हणजे ‘लहानसे छप्पर’, असे नाव आहे. वर्णमाला आटोपशीर आहे आणि तिची व्यंजनव्यवस्था बहुतांशी नियमित आहे. म्हणून ‘जसे बोलावे तसे लिहावे’ या तत्त्वाचे उदाहरण म्हणून तिच्याकडे बोट दाखविण्याचा मोह सहज होतो.

परंतु हे वर्णन अर्धेच खरे आहे. प्रमाण स्लोव्हेनमध्ये स्वर आठ आणि स्वरांची अक्षरे पाच. संवृत व विवृत ‘ए’, तसेच मराठी ‘अ’ला जवळचा असा मध्यस्वर, हे तिन्ही एकाच अक्षराने लिहिले जातात, संवृत व विवृत ‘ओ’ यांनाही एकच अक्षर पुरविले जाते. हा दोष कोणाच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे स्वर वेगळे दाखविणारी एक वर्णमाला तयार झाली होती, तीत पुस्तके छापली गेली होती आणि काही काळ ती शाळांतही शिरली होती. ती मागे पडली व तिच्याहून कमी अचूक वर्णमाला टिकली. असे का घडले, हा प्रश्न एका लहान भाषेच्या इतिहासापुरता मर्यादित नाही. लेखनाची कसोटी ध्वनी हीच असावी काय, या सामान्य प्रश्नाचा निर्णय करण्यास तो साहाय्यभूत होतो.

स्लोव्हेनच्या पूर्वरूपातील सर्वांत जुना लेख म्हणजे फ्रायझिंग येथील हस्तलिखिते. दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास रोमन लिपीत लिहिलेली ही तीन धार्मिक संहिता-पत्रे कोणत्याही स्लाव्ह भाषेतील रोमन लिपीच्या सलग लेखनाचा आद्य नमुना मानली जातात. परंतु छापील ग्रंथांची परंपरा धर्मसुधारणेच्या काळात सुरू झाली. प्रिमोझ त्रुबार याने १५५० मध्ये प्रश्नोत्तरी आणि मुळाक्षरांचे पुस्तक अशी दोन पुस्तके छापली. ती जर्मन धर्तीच्या गॉथिक टंकात होती. १५५५ पासून त्याने रोमन टंक स्वीकारला. त्रुबारचे लेखन स्थिर नव्हते. सेबास्तियान क्रेल याने ते नियमित करण्याचा प्रयत्न केला, आणि १५८४ मध्ये युरी दाल्मातिनच्या बायबलाबरोबरच आदाम बोहोरिच याचे लॅटिन भाषेत लिहिलेले व्याकरण विटेनबर्ग येथे प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ही लेखनपद्धती ‘बोहोरिचित्सा’ या नावाने ओळखली जाते.

स्लाव्ह भाषा रोमन लिपीत लिहिताना मुख्य अडचण ऊष्म व स्पर्शसंघर्षी वर्णांची असते. लॅटिनमध्ये ‘स’ आहे. पण त्याचा घोष प्रतिरूप, ‘श’, ‘श’चा घोष प्रतिरूप, दंतमूलीय ‘च’ (म्हणजे ‘त्स’) आणि तालव्य ‘च’ यांना अक्षरे नाहीत. मराठी वाचकास यांतील शेवटच्या जोडीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ‘चाक’ आणि ‘चार’ यांच्या आरंभीचे ध्वनी भिन्न असून मराठीने दोहोंसाठी एकच ‘च’ पुरेसा मानला आहे. स्लोव्हेनमध्ये मात्र हे दोन स्वतंत्र वर्ण सर्व स्थानी भेटतात, त्यामुळे ते वेगळे लिहिणे आवश्यक होते. बोहोरिचित्सेने ही अडचण मोठ्या काटकसरीने सोडविली. लांब एस हे ‘स’साठी, गोल एस हे त्याच्या घोष प्रतिरूपासाठी आणि झेड हे, जर्मनप्रमाणे, ‘त्स’साठी योजले. यांपैकी प्रत्येकास एच जोडला की अनुक्रमे ‘श’, घोष ‘श’ आणि तालव्य ‘च’ सिद्ध होत. म्हणजे तीन चिन्हे आणि एक साहाय्यक अक्षर एवढ्या सामग्रीत सहा वर्ण बसविले गेले. ही व्यवस्था मुद्रकाच्या खणांत उपलब्ध असलेल्या टंकावरच उभी होती, आणि म्हणूनच ती सुमारे अडीच शतके टिकली.

तिचे दोष मात्र स्पष्ट होते. लांब व गोल एस हा भेद केवळ लहान अक्षरांत संभवतो. मोठ्या लिपीत दोहोंचे रूप एकच. त्यामुळे वाक्यारंभी अथवा विशेषनामाच्या आरंभी ‘स’ वाचावा की त्याचा घोष प्रतिरूप, हे अक्षरावरून ठरत नसे. एका ध्वनीसाठी दोन अक्षरे खर्ची पडत. स्वरांतील भेद तर लिहिलेच जात नसत. येर्नेय कोपितार याच्या १८०८ च्या व्याकरणाने या दोषांवर नेमके बोट ठेवले. एका ध्वनीस एक आणि एकच अक्षर असावे, ही त्याची मागणी होती. रोमन लिपीत लिहिणाऱ्या सर्व स्लाव्हांना एक समान व पूर्ण वर्णमाला मिळावी, हे त्याचे ध्येय होते. कोपितार पुढे व्हिएन्ना येथे राजग्रंथालयात काम करीत होता आणि स्लाव्ह पुस्तकांचा अभ्यवेक्षकही होता. त्यामुळे त्याच्या मतास विद्वत्तेइतकेच अधिकाराचेही बळ होते.

या मागणीस दोन व्याकरणकारांनी प्रत्यक्ष रूप दिले. पेतेर दाइन्को याने १८२४ मध्ये पूर्व स्टायरियातील बोलीस धरून एक वर्णमाला मांडली. तीत ‘श’साठी ‘8’ या आकड्यासारखी आकृती होती आणि घोष ‘श’साठी एक्स हे अक्षर. पुढल्याच वर्षी, १८२५ मध्ये, लुब्ल्याना येथे स्लोव्हेनचे अध्यापन करणाऱ्या फ्रान्त्स मेतेल्को याने आपले व्याकरण प्रसिद्ध केले. त्याने एचची जोडअक्षरे काढून टाकली, त्यांच्या जागी सिरिलिक वळणाची स्वतंत्र अक्षरे आणली, आणि संवृत-विवृत स्वर व मध्यस्वर यांना निरनिराळी चिन्हे दिली. केवळ ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर स्लोव्हेनसाठी आजवर वापरात आलेल्या लेखनपद्धतींत मेतेल्कोची पद्धती सर्वांत समर्थ ठरते. तिची गुणवत्ता मान्य केल्याशिवाय तिच्या पराभवाचा अर्थ लागणार नाही.

हा पराभव ‘अक्षरांचा वाद’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या संघर्षात झाला. लुब्ल्याना येथील ग्रंथपाल आणि बहुभाषाकोविद मातिया चोप हा मेतेल्को-कोपितार पक्षाचा प्रमुख विरोधक होता. ‘क्रान्स्का च्बेलित्सा’ या काव्यसंग्रहमालिकेवर फ्रान्तिशेक चेलाकोव्स्की या चेक कवीने लिहिलेल्या परीक्षणात नव्या अक्षरांविषयी प्रतिकूल मत आले होते. चोपने १८३३ मध्ये ते परीक्षण स्वतःच्या टीपांसह लुब्ल्यानाच्या एका जर्मन पत्रात छापले आणि वादाला तोंड फुटले. त्याच वर्षी चोपचे लेख पुस्तिकारूपाने निघाले. मित्रपक्षाचा कवी फ्रान्त्से प्रेशेरेन याने पेजेच्या नावातील एका अक्षरावरून भांडणाऱ्या पंडितांची एका सुनीतात थट्टा केली. १८३३ मध्येच मेतेल्कोची वर्णमाला शाळांतून शासकीय आज्ञेने काढून टाकण्यात आली. दाइन्कोच्या वर्णमालेवरही त्या दशकाच्या अखेरीस तीच वेळ आली.

चोपने आपल्या पुस्तिकेस दिलेले इटालियन शीर्षक विशेष अर्थपूर्ण आहे. ‘निरुपयोगी अक्षरांचे नवे निष्कासन’ असा त्याचा आशय असून, १५२४ मध्ये आन्योलो फिरेन्त्सुओला याने लिहिलेल्या एका निबंधाच्या नावाचा तो मुद्दाम केलेला प्रतिध्वनी आहे. त्या वर्षी जानजोर्जो त्रिस्सिनो याने इटालियन लेखनात ग्रीक अक्षरे आणून विवृत ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे दाखवावेत, अशी सूचना केली होती. म्हणजे तीन शतकांपूर्वीच्या इटलीतील प्रश्न आणि मेतेल्कोचा प्रश्न हे नेमके एकच होते : दोन ‘ए’, दोन ‘ओ’ आणि परक्या लिपीतून आणलेली अक्षरे. इटालियनने ती अक्षरे स्वीकारली नाहीत. आजही ती भाषा सामान्य लेखनात हे स्वर वेगळे लिहीत नाही, आणि तिच्या वाङ्मयाची त्यामुळे काही हानी झाली असे कोणी म्हणणार नाही. शीर्षकातूनच चोपने आपल्या प्रतिपक्षास हे उदाहरण दाखवून दिले होते.

तथापि केवळ उदाहरणाने तत्त्वाचे खंडन होत नाही. कोपितारच्या पक्षाच्या बाजूने एक बळकट प्रत्युदाहरण उभे करता येते. वुक काराजिच याने याच तत्त्वावर, आणि कोपितारच्याच साहाय्याने, सर्बियन लेखनाची पुनर्रचना केली. १८१८ चा त्याचा कोश हे तिचे पहिले मोठे फळ. धर्मपीठाचा कडवा विरोध होऊनही ती सुधारणा यशस्वी झाली आणि १८६८ मध्ये तिला सर्बियात पूर्ण मान्यता मिळाली. मग जे तत्त्व बेलग्रेडला फळले, ते लुब्ल्यानाला का फळू नये ?

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही भाषांच्या स्वरव्यवस्थेत शोधावे लागते. सर्बियनमध्ये गुणभेदाने स्वर पाचच. त्यांना पाच अक्षरे पुरतात. स्वरांचे दीर्घत्व आणि सूर वुकनेही सामान्य लेखनात दाखविले नाहीत. त्याने जुन्या सिरिलिकमधून अनावश्यक झालेली अनेक अक्षरे काढली व थोडी नवी घातली. लिपी एकच राहिली. स्लोव्हेनची गोष्ट निराळी होती. येथे स्वरांना नवी अक्षरे हवी होती आणि ती दुसऱ्या लिपीतून आणावी लागत होती. त्याहूनही महत्त्वाचे असे की, स्लोव्हेनच्या बोलींत अतिशय विविधता आहे. तिचे सात प्रमुख बोलीगट मानले जातात आणि त्यांतील भेद स्वरांतच अधिक आढळतात. एका खोऱ्यात जो ‘ए’ संवृत, तो दुसऱ्या खोऱ्यात संधिस्वर होतो. तिसरीकडे तो विवृत असतो. अशा स्थितीत स्वरांचे सूक्ष्म भेद अक्षरांनी पक्के करणे म्हणजे कोणत्या तरी एका प्रदेशाचा उच्चार सर्वांवर बंधनकारक करणे होय. एकच अक्षर ठेवले की क्रान्स्काचा वाचक आपल्या रीतीने वाचतो, स्टायरियाचा आपल्या रीतीने, आणि पुस्तक दोघांचेही राहते. अशा ठिकाणी लेखनाची अपूर्णता हीच त्याची उपयुक्तता ठरते.

दाइन्को आणि मेतेल्को यांच्या प्रयोगांचा परिणाम या विवेचनास पुष्टी देतो. दोघांचे तत्त्व एकच, एका ध्वनीस एक अक्षर. तरी दोन प्रांतांसाठी दोन वर्णमाला निघाल्या, आणि जुनी बोहोरिचित्सा धरून तीन झाल्या. हंगेरीच्या अमलाखालील प्रेकमुर्ये प्रदेशात हंगेरियन धर्तीचे लेखन चालू होते, ते चौथे. एवढ्या लहान समाजात एका प्रांताचे पुस्तक दुसऱ्या प्रांताच्या वाचकास अक्षरओळखीपाशीच अडवू लागले. ध्वनीशी एकनिष्ठ राहण्याचा हा व्यावहारिक शेवट होता. लिखित स्लोव्हेन एक राहणार की प्रांतागणिक फुटणार, हा वादातील खरा प्रश्न होता. सुनीतातील पेज हे त्याचे केवळ विनोदी रूप.

येथे चोपच्या पक्षाचीही तपासणी करणे न्याय्य होईल. जुन्या ग्रंथांशी असलेला संबंध तुटू नये, हा बोहोरिचित्सेच्या समर्थनाचा सहज सुचणारा आधार होय. पण हा आधार पुढील दशकात टिकला नाही. ल्युदेवित गाइ याने १८३० मध्ये क्रोएशियन लेखनासाठी एक आराखडा प्रसिद्ध केला होता. चेक लेखनातील शिरश्चिन्हे हा त्याचा पाया होता. हीच ‘गाइत्सा’ १८४० नंतरच्या काही वर्षांत स्लोव्हेन लेखनात आली. १८४३ मध्ये यानेझ ब्लाइवाइसच्या संपादकत्वाखाली सुरू झालेले शेतकरी व कारागिरांचे पत्र आरंभी बोहोरिचित्सेत निघत असे. थोड्याच वर्षांत त्याने नवी पद्धती पूर्णपणे स्वीकारली. १८४७ हे वर्ष मुखपृष्ठावर असलेला प्रेशेरेनचा काव्यसंग्रह गाइत्सेतच छापला गेला.

हा बदल वरवर लहान वाटतो. वास्तविक तो मोठा होता. झेड हे अक्षर अडीच शतके ‘त्स’ दर्शवीत होते, ते आता घोष ‘स’ दर्शवू लागले. गोल एस घोष होता, तो अघोष झाला. केवळ नवी अक्षरे आली असती तर वाचक थबकला असता. येथे ओळखीच्या अक्षरांचे मूल्यच पालटल्यामुळे तो नकळत चुकीचे वाचण्याचा संभव होता. तेव्हा परंपरेशी सातत्य हे मेतेल्कोच्या पराभवाचे पुरेसे कारण मानता येत नाही. तसे असते तर गाइत्साही नाकारली गेली असती. शासकीय आज्ञा हेही कारण अपुरे आहे. आज्ञेने एक वर्णमाला शाळेबाहेर काढता येते, परंतु दुसरी लोकांच्या हाती रुजविता येत नाही. गाइत्सा रुजली ती नियतकालिकांनी आणि पुस्तकांनी. दोन्ही वर्णमालांतील निर्णायक भेद असा की, मेतेल्कोची अक्षरे शिकून वाचकास मेतेल्कोच्या पक्षाचीच पुस्तके वाचता येत. गाइत्सेची तीन शिरश्चिन्हे शिकून त्याला झाग्रेबचे पुस्तक उघडता येई आणि प्रागच्या पुस्तकातील ही तीन अक्षरेही ओळखीची वाटत. अक्षराचे मोल ते किती अचूक आहे यावर ठरले नाही, ते वाचकास कोठवर नेते यावर ठरले.

या स्वीकारात एक धोकाही होता. गाइत्सा ही इलीरियन चळवळीची लिपी होती, आणि दक्षिण स्लाव्हांची एकच साहित्यभाषा असावी, हे त्या चळवळीचे उद्दिष्ट होते. स्टांको व्राझ हा स्टायरियातील स्लोव्हेन कवी लिपीबरोबर भाषेच्याही वाटेने गेला. झाग्रेबला जाऊन त्याने इलीरियनमध्ये लेखन केले. प्रेशेरेन त्या वाटेने गेला नाही. त्याने लिपी घेतली आणि भाषा आपली ठेवली. वर्णमालेच्या घडणीतच या निर्णयाची खूण उमटलेली दिसते. क्रोएशियनची अक्षरे ३० आहेत. त्यांपैकी मृदू ‘च’, त्याचा घोष प्रतिरूप, ‘ज’साठीचे जोडअक्षर, तसेच ‘ल्य’ व ‘न्य’ यांची जोडअक्षरे ही पाच स्लोव्हेनने स्वतंत्र अक्षरे म्हणून घेतली नाहीत. उरली ती २५. शेजाऱ्याची वर्णमाला घेताना तीतील जे आपल्या उच्चारात नाही ते गाळणे, ही स्वत्व राखण्याची एक नम्र पण परिणामकारक रीत होती.

या निवडीची किंमत स्लोव्हेन लेखन आजही देत आहे, हे नमूद न करणे एकांगी होईल. ‘क्लोप’ या एकाच लेखनाने संवृत ‘ओ’ असता बाक आणि विवृत ‘ओ’ असता गोचीड, असे दोन अर्थ होतात. ‘तेमा’ असे लिहिलेला शब्द पहिल्या अवयवावर आघात असता ‘विषय’ होतो. पहिला स्वर मध्यस्वर करून दुसऱ्या अवयवावर आघात दिला तर ‘काळोख’ होतो. कुत्र्याचे नाव लिहिताना ‘ए’चे अक्षर येते, उच्चार मात्र ‘पस्’ असा होतो. बाजाराचे नाव टी, आर, जी या तीन व्यंजनांनीच लिहिले जाते आणि ‘तर्क’ या मराठी शब्दाच्या जवळपास ऐकू येते. मध्यस्वर लिहिलेला नाही आणि अंत्य घोष व्यंजन अघोष झालेले लेखनात दिसत नाही. कोश व व्याकरणे आघातचिन्हे देऊन या उणिवा भरून काढतात; दैनंदिन लेखनात ती चिन्हे नसतात. परकीय विद्यार्थ्यास हे जड जाते. ज्याची ती मातृभाषा आहे, त्याला वाक्याच्या संदर्भाने बहुधा निभावून नेता येते.

शिवाय गाइत्सेने उच्चारानुसारी तत्त्व पूर्णतः स्वीकारले असेही नाही. ‘सह’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय अघोष व्यंजनापूर्वी एसने आणि इतरत्र झेडने लिहिले जाते. येथे लेखन उच्चारामागून जाते. परंतु शब्दाच्या अंती ‘द’चा ‘त’ होतो, तो लिहिला जात नाही, कारण विभक्तिप्रत्यय लागताच ‘द’ परत येतो. ‘वाचणे’ या क्रियापदाचे पुल्लिंगी भूतकालवाचक रूप ‘ब्राउ’ असे उच्चारले जाते, पण शेवटी एल लिहिला जातो, कारण स्त्रीलिंगी व अनेकवचनी रूपांत ‘ल’ स्पष्ट ऐकू येतो. एकाच शब्दाची निरनिराळी रूपे डोळ्यांस एकाच कुळातील दिसावीत, हा व्याकरणिक हेतू येथे ध्वनीवर मात करतो. कोपितारच्या तत्त्वात या हेतूस स्थान नव्हते, आणि ती त्याची खरी उणीव म्हटली पाहिजे. लेखन हे ऐकण्यासाठी नसून वाचण्यासाठी असते, ही साधी गोष्ट त्यात निसटली होती.

याच एलवरून पुढे पुन्हा वाद झाला. १८९९ मध्ये फ्रान लेव्हेत्स याने सिद्ध केलेल्या शुद्धलेखनाच्या ग्रंथाने क्रियापदापासून झालेल्या कर्तृवाचक नामांत एलऐवजी व्ही लिहिण्याचा पुरस्कार केला. १९६२ च्या शुद्धलेखनकोशाने त्या लेखनास पुन्हा उजाळा देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा लेखक-वाचकांतून तीव्र विरोध उमटला. अखेरीस रूढ झाले ते एलचे लेखन. या वादाचे नित्य उदाहरण म्हणून जो शब्द पुढे येत असे तो ‘ब्रालेत्स’. त्याचा अर्थ ‘वाचक’.

स्लोव्हेन ही १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या राष्ट्राची राजभाषा आहे आणि २००४ पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांतही तिची गणना होते. सुमारे २० लाख लोकसंख्येच्या देशाची ही भाषा तिच्या लेखनपद्धतीमुळेच टिकली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु १८३३ च्या सुमारास जर प्रत्येक प्रांताने आपापल्या उच्चाराची अचूक वर्णमाला धरली असती, तर त्या सर्वांनी मिळून वाचावे असे एक वाङ्मय निर्माण होणे फार कठीण झाले असते, हे निःसंशय. मेतेल्कोचे ध्वनिज्ञान चुकीचे नव्हते. स्वरांविषयीचे त्याचे बारकावे पुढे कोशांतील आघातचिन्हांच्या रूपाने निराळ्या जागी उपयोगास आले. चूक होती ती कोशाचे काम वर्णमालेवर लादण्याची. ज्या भाषांत शुद्धलेखनाचे नियम आजही वादाचा विषय आहेत, तेथील अभ्यासकांनी हा भेद ध्यानात ठेवून प्रत्येक सुधारणेस दोन प्रश्न विचारावेत : तिने कोणता ध्वनी अधिक स्पष्ट होतो, आणि तिच्यामुळे कोणता वाचक दूर जातो. स्लोव्हेन भाषकांनी पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्यास अधिक महत्त्व दिले, आणि त्यांच्या परिस्थितीत तो निर्णय योग्य होता असेच म्हणावे लागते.